झुंबरबाईची पांढरी गोळी

पिंपळगाव रेणुकाईत कोणाच्या बाळंतपणाला कोण किती दिवस राबलं, कोणाच्या मयतीला कोणी भाकरी पाठवल्या नाहीत आणि नेलेलं विरजण कोणी अजून परत केलं नाही, हे ज्याला बघायचं असेल त्याने झुंबरबाईच्या ओट्यावर जावं. झुंबरबाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण तिच्या डोक्यातल्या वहीला कधी वाळवी लागली नाही. केलेला उपकार ती विसरत नसे. ज्याच्यावर केला त्याला तर बिलकुलच विसरू देत नसे.

या वहीतलं सगळ्यात लठ्ठ खातं धाकट्या जावेचं होतं. खात्याचं नाव, तुळजाबाईचे गुडघे.

पंचाण्णवच्या पावसाळ्यात तुळजाबाई बसली की उठत नव्हती. सकाळी हाताची बोटं वळत नव्हती. तवा तापून लाल व्हायचा तरी भाकरी अजून परातीतच. तिच्या नवऱ्याने, धर्मराजने, लेप केले, शेक केले, भोकरदनच्या दोन डॉक्टरांचे कागद जमवले. शेवटी झुंबरबाई म्हणाली, "भावजी, तुमचं झालं आसंल तर आता मी बघते." आणि जावेला घेऊन ती आपल्या माहेरी, हसनाबादला गेली.

हसनाबादचा सर्जेराव डॉक्टर हा मुळात या धंद्याला लागला तो सुया उकळायला. ज्यांच्या सुया तो उकळायचा ते डॉक्टर गाव सोडून गेले. सुया मागे राहिल्या, आणि सर्जेरावही. बाजाराच्या दिवशी त्याच्या दारात बैलगाड्यांची रांग लागायची. त्याने तुळजाबाईला वर्तमानपत्राच्या कागदात तीन तऱ्हेच्या गोळ्या बांधून दिल्या.

"पिवळी ताकदीची, गुलाबी पित्ताची," तो म्हणाला. "आन् ही बारकी पांढरी. हिचा एक दिवस बी खाडा करायचा न्हाई बरं का आत्याबाई. खाडा केला तर मंग मला बोलायचं न्हाई."

झुंबरबाई पदराआड हसली. गिऱ्हाईक बांधून ठेवायची रीत तिला शिकवायला नको होती. कासार तरी काय सांगतो? हात मोकळा ठेवू नका म्हणूनच सांगतो.

आठव्या दिवशी तुळजाबाई हंडा घेऊन विहिरीवर गेली. बाया बघतच राहिल्या. महिनाभरात तिचं तोंड गरगरीत झालं, गाल तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखे, त्यावर लाली. दोन भाकरीत उठणारी बाई चार भाकऱ्या खाऊन पुन्हा शिंक्याकडे बघू लागली.

"तुळजाबाई, तब्येत धरली गं!" बाया म्हणायच्या.

"धरली?" झुंबरबाई लांबून ओरडायची. "धरवली म्हण! कोणी धरवली ते बी म्हण."

कासाराने बांगड्या भरल्या की तुळजाबाईच्या मनगटावर काळेनिळे डाग उठायचे. "नाजूक झाली गं माझी जाऊ," म्हणून झुंबरबाई हसायची. मानेच्या मागे मांसाचा एक उंचवटा आला होता. तोही तब्येतीच्या खात्यात जमा झाला.

बरं, झुंबरबाई आंधळेपणाने कशावर विश्वास ठेवणारी नव्हती. पहिली पुडी संपली तेव्हाच तिने चार दिवस नुसती पिवळी देऊन बघितली, चार दिवस नुसती गुलाबी. तुळजाबाई पहिल्यासारखी वाकडी. पांढरी दिली की सरळ. म्हणजे खरी करामत पांढरीची. बाकीच्या दोन नुसत्या वरातीतल्या करवल्या. तेव्हापासून ती माहेरी गेली की सर्जेरावकडून नुसती पांढरी आणू लागली, आणि एकट्या जावेपुरती नव्हे. शेजारच्या आसराबाईला दमा होता. तिला दिली, दमा बसला. नंदाबाईची कंबर, गुरवाच्या त्रिंबकची म्हातारी आई, सगळ्यांना लागू पडली. गोपिकाबाईची पुष्पी काडीसारखी होती, तीन पाहुणे तिला बघून पोहे खाऊन गेले ते गेलेच. झुंबरबाईने दोन महिने गोळी दिली. चौथे पाहुणे अंबडचे, त्यांनी पोरीचे भरलेले गाल बघून जागेवर सुपारी फोडली. वैशाखात पुष्पी सासरी निघाली तेव्हा झुंबरबाईने गोळ्यांची डबी तिच्या ओटीत घातली. डबीत मूठ भरून घातल्या, मोजल्या नाहीत. आयुष्यात न मोजता दिलेली तिची ती एकच वस्तू.

या सगळ्यात तिने कोणाकडून चहाच्या कपाचीसुद्धा अपेक्षा केली नाही. तिला नाव हवं होतं, आणि नाव मिळत होतं. कंबर भरून आली की कधीमधी एक गोळी तीही तोंडात टाकायची. पण ते वहीत घेण्यासारखं काही नव्हतं.

सत्त्याण्णवच्या नवरात्रात मात्र तिच्या नावाला वाटेकरी निघाला. तोही साधासुधा नाही, खुद्द रेणुकाई.

घट बसायच्या आदल्या दिवशी तुळजाबाई ओटा सारवता सारवता म्हणाली, "आक्का, मी यंदा लवंगंवर ऱ्हानारे. रोज दोन लवंगा आन् पाणी, नऊ दिवस. गुडघे धरले तवा देवीला बोलले होते. तिनं पाय दिले, आता आपण बी बराबर फेडायला पाहिजे."

झुंबरबाई शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला.

"देवीनं दिले?"

"मंग कोणी?"

"हसनाबादला देवी आल्ती वाटतं तुझ्यासंगं? मला तर दिसली न्हाई. गाडीत तू न् मीच होतो."

तुळजाबाई हसली. "तुमी बी हायेच की आक्का. पण करनारी ती."

हे "तुमी बी हायेच" झुंबरबाईला फार लागलं. दोन वर्षांचं खातं जावेने एका वाक्यात देवीच्या नावावर चढवलं होतं. ती म्हणाली, "असं आसंल तर मंग गोळी कशाला खाऊन राह्यली गं? देवीनं पाय दिले तर ठेव गोळ्या तिच्याच म्होरं. बघू दे तिला बी. आन् उपासात गोळी चालती का? कशाची करत्यात कोणाला ठाऊक, अंड्याची बी आसंल!"

टोमणा होता. टोमणा मारून झुंबरबाई मोकळी झाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली. पण तुळजाबाई ही टोमणा टोमणा म्हणून घेणारी बाई नव्हती. थोरली जाऊ बोलली म्हणजे सांगितलं. दुसऱ्या दिवशी घट बसले तेव्हा गोळ्यांची पुडी देव्हाऱ्यात घटाशेजारी होती, तिला हळदकुंकूही लावलेलं होतं.

झुंबरबाईने ते बघितलं. बघून तिला बरंच वाटलं. म्हटलं, दोन दिवसांत गुडघे धरतील, मग येईल आक्का आक्का करत. मग कळेल कोणी दिले ते.

तिसऱ्या माळेला तुळजाबाईने पाणी ओकलं. चौथीला ती भिंतीला धरून चालत होती. म्हणाली, उपास लागला. पाचव्या माळेला दुपारच्या आरतीला देवळात उभी असताना, संबळ वाजत असताना, ती सरळ खाली बसली आणि आडवी झाली.

"आली! आली! तुळजाबाईच्या अंगात आली!"

बाया पुढे धावल्या. कोणी कपाळाला मळवट भरला, कोणी लिंबू उतरवलं, संबळवाल्याला जोर चढला. गुरवाचा त्रिंबक ओरडला, "बोल माय, काय मागती? बोल!"

झुंबरबाई मागे उभी होती. गावात कोणाच्या अंगात येतं, कधी येतं, किती वेळ राहतं, याची नोंद तिच्याइतकी कोणाकडे नव्हती. अंगात आलेली बाई घुमते. केस सोडते, पण पदर बराबर सांभाळते. सासूकडे बघून ओरडते, आणि नारळ मिळाला की उतरते. तुळजाबाईचा पदर जमिनीवर लोळत होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. ओठ पांढरे. झुंबरबाईने गर्दीत हात घालून तिचं मनगट धरलं, ते घामाने चिंब आणि थंडगार.

"हटा!" ती किंचाळली. "ही देवी न्हाई. भावजी, जीप बलवा! जल्दी!"

"झुंबरबाई, तोंड आवर," त्रिंबक म्हणाला. "देवीच्या दारात काय बोलून राह्यली?"

"देवीला मी बघते मंग. आधी जीप!"

संबळ थांबला. त्या शांततेत तुळजाबाईचा श्वास ऐकू येईना, तेव्हा लोकांनी वाट करून दिली.

जालन्याला पोचेपर्यंत झुंबरबाई जावेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तिच्या लेकीच्या वयाची होती. तिने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा फुगवला, आणि नर्सला भराभर काही सांगितलं.

"बाईंना काही औषध चालू आहे का?"

"न्हाई," धर्मराज म्हणाला. "उपास हाये फक्त."

"उपासाने असं होत नाही. कसलीही गोळी, पुडी, इंजेक्शन?"

"ताकदीची गोळी खायची कधी. वैनी देत्या."

डॉक्टरीणबाई झुंबरबाईकडे वळली. झुंबरबाईने भिंतीकडे बघितलं. गोळीचं नाव काढलं की सर्जेरावचं नाव निघणार, म्हणजे माहेरचं नाव निघणार. आणि मग गोळी का सोडली तेही निघणार. तिच्या वहीत आजवर दुसऱ्यांचीच येणी होती. स्वतःच्या नावावर काही लिहायची तिला सवय नव्हती.

"मावशी, ही बाई माझ्या हातातून चालली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली. "काय दिलं ते आत्ता सांगा."

झुंबरबाईने कमरेची पिशवी सोडली. लवंग, सुपारी, चुना, आणि खाली कागदाची पुडी. पुडी उलगडताना दोन गोळ्या फरशीवर घरंगळत गेल्या.

"किती दिवस?"

"दोन वर्सं."

"रोज?"

"रोज. पाच दिवसांपासून बंद हाये. मीच म्हणले... देवीम्होरं ठेव म्हणले."

डॉक्टरीणबाई धावली. नर्सने सुई भरली, बाटली लावली. दार लोटलं गेलं.

तासाभराने ती बाहेर आली तेव्हा धर्मराज बाकावर आणि झुंबरबाई खाली फरशीवर बसली होती.

"नाडी लागली हाताला. अजून धोका टळला म्हणत नाही." ती झुंबरबाईसमोर उकिडवी बसली. "मावशी, तुमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो?"

"येतो की."

"समजा घरची विहीर आहे. पण रोज दारात टँकर उभा, म्हणून दोन वर्षं विहिरीत कोणी डोकावलं नाही. गाळ भरला, झरे बुजले. आणि एक दिवस अचानक टँकर बंद. तर?"

"मंग हंडे रिकामेच की," झुंबरबाई म्हणाली.

"जगायला लागतो असा एक रस शरीर रोज स्वतः तयार करतं. ही गोळी म्हणजे तोच रस, बाहेरून. रोज बाहेरचा मिळाला की शरीर आपला करायचं सोडून देतं. मग एकदम बंद केली की माणूस असा पडतो. एका दिवसाचाही खाडा चालत नाही."

सर्जेरावने जन्मात एकच गोष्ट खरी सांगितली होती, आणि नेमकी तीच झुंबरबाईने धंद्याची म्हणून सोडून दिली होती.

"पण बाई," ती कशीबशी म्हणाली, "गुडघे तर गेले होते तिचे. गोळीनंच उठली. तब्येत बी कशी भरली..."

"दुखणं दबतं, खोटं नाही. आम्हीही देतो ही गोळी, पण मोजून, तपासून. नाहीतर हाडं आतून पोखरतात, साखर वाढते, कातडी अशी होते की बांगडीने डाग पडावा. आणि हे भरलेलं तोंड, हा मानेवरचा उंचवटा, ही तब्येत नाही मावशी. हा गोळीचा दोष आहे. आजार आहे हा."

ज्या गालांची झुंबरबाईने गावभर दवंडी पिटली, तो आजार.

डॉक्टरीणबाईने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "आणि तुम्ही कधीपासून घेता?"

"मी? मी कुठं! कधीमधी. कंबर धरली तर."

"आठवड्यातून किती?"

झुंबरबाई मोजायला बसली. काल एक. परवा शेंगांचं पोतं उचललं तेव्हा. त्याआधी सोमवारी, आणि... सगळ्या गावाचा पाढा पाठ असलेल्या बाईला स्वतःचा मोजता येईना. तिचा हात नकळत गालावर गेला. गाल गरगरीत लागला.

"आणखी कोणाला दिल्या?"

"आसराबाई. नंदाबाई. त्रिंबकची आई." ती एकदम उठली. "भावजी, गावात फोन लावा! म्हणावं सगळ्या गोळ्या उकिरड्यावर फेका, आत्ताच्या आत्ता!"

डॉक्टरीणबाईने तिचं मनगट पकडलं. "फेकायला सांगाल तर उद्या अशाच तिघी येतील. कळतंय का? कोणी गोळी बंद करायची नाही. आज घ्यायची, उद्या घ्यायची, आणि इथे यायचं. हळूहळू मी उतरवीन."

झुंबरबाईला हे पेलेना. जहर आहे म्हणायचं, आणि खा म्हणायचं.

धर्मराज उठला. दोन वर्षांत वहिनीसमोर वर न बघणारा माणूस तिच्या डोळ्यांत बघत होता. "वैनी, आता कोणाला काय सांगायचं ते मला सांगा. तुमी कोणाला काही सांगू नका." एवढं बोलून तो जीपकडे गेला.

सकाळी तुळजाबाईने डोळे उघडले. झुंबरबाईला बघून तिचे ओठ हलले. "आक्का, पुडी देव्हाऱ्यातच हाये बरं. मी उपास मोडला न्हाई." झुंबरबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि स्वतःचं तोंड पदरात घातलं.

दहाच्या सुमाराला जीप आली. आसराबाई उतरली, नंदाबाई उतरली, त्रिंबकच्या आईला दोघांनी धरून उतरवलं. दिवसाच्या लख्ख उजेडात तिन्ही तोंडं झुंबरबाईने एका रांगेत बघितली. आजवर कधी एकत्र बघितली नव्हती. तीन बायांना जणू एकाच आईने जन्म दिला होता. तेच गाल, तीच लाली.

मागून गोपिकाबाई उतरली.

"तू कशाला आली गं?" झुंबरबाई म्हणाली. "तू तर खात न्हाईस."

"मी न्हाई खात. माझी पुष्पी?"

झुंबरबाईने बोटांवर मोजलं. वैशाख ते आश्विन, सहावा महिना. मूठभर गोळ्या, न मोजलेल्या. संपल्या असतील तर कधी संपल्या? संपल्यावर पोरगी कशी पडली असेल, आणि तिच्या सासरी कोणी म्हटलं असेल का, की जीप बोलवा?

डॉक्टरीणबाईने गोळी एकदम बंद न करता दवाखान्यात यायची चिठ्ठी पुष्पीसाठी लिहून दिली. झुंबरबाई ती कमरेच्या पिशवीत घालून गोपिकाबाईसोबत स्टँडवर गेली आणि अंबडच्या गाडीत बसली. वाटेत गोपिकाबाई एकदाच बोलली. "तवा मी तुझ्या पाया पडल्ते झुंबरबाई. आठवतं का?"

आठवत होतं. खातंच होतं तसं.

अंबडला बाजारामागच्या गल्लीत पुष्पीचं घर. दार उघडं होतं. गोपिकाबाईने चौकटीला धरून हाक मारली, आणि आतून पुष्पी आली. चालत, हसत, हाताला पीठ. गोपिकाबाई मटकन उंबऱ्यावर बसली. झुंबरबाईने मात्र पोरीचं तोंड बघितलं. चांदीच्या ताटासारखं गोल.

"या, या!" पुष्पीची सासू लगबगीने पुढे आली. "आत्याबाई, लई उमर हाये बघा तुमची! कालच तुमचं नाव घेतलं. काय सून दिली तुमी! डबी संपत आल्ती तवा आमच्या पोरानं, साहेबरावनं, हसनाबादचा पत्ता काढला. आता बरणीच आणून ठेवून राह्यलो घरात. मला बी लागू पडली, हात बघा, पहिलं मूठ वळत नव्हती!"

तिने मूठ वळून दाखवली. मनगटावर बांगड्यांच्या खाली काळानिळा पट्टा होता.

"आन् मी एकटीच न्हाई. थांबा," म्हणून ती दारात गेली आणि गल्लीत ओरडली, "अगं ए, या गं! पिंपळगावच्या गोळीवाल्या आत्याबाई आल्यात!"

पहिली समोरच्या दारातून आली. दोघी नळावरून, हात पुसत. मग एक म्हातारी नातसुनेच्या आधाराने, मग एक गरोदर बाई. ओटा भरत चालला. झुंबरबाईच्या डोक्यातली वही आपोआप मोजू लागली. पाच, सहा, सात. सगळ्यांचे गाल भरलेले, सगळ्या तिच्याकडे कौतुकाने बघणाऱ्या.

पहिली बाई तिच्या पाया पडायला वाकली. पदर सरकला आणि मानेमागचा मांसाचा उंचवटा झुंबरबाईच्या डोळ्यांसमोर आला.

तिने पाय मागे ओढले. डॉक्टरीणबाईची चिठ्ठी काढायला कमरेची पिशवी चाचपली, गाठ सुटेना. गल्लीच्या तोंडाशी अजून दोघी येताना दिसत होत्या.

"बसा गं," ती म्हणाली. "सगळ्या बसा. आन् आधी मला सांगा, आज कोणी गोळी चुकवली तर न्हाई ना?"